महालक्ष्म्यांच्या घरातलं लेकरू

(अंबाजोगाई येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावानं या व्यासपीठावरून संतसाहित्य, दुष्काळ, मुक्तिसंग्राम अशा मोठ्या विषयांवर बोललं गेलं आहे. मी ‘विशेष मुलं आणि आपले सण’ हा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोन करून विचारलं, “ताई, दिव्यांगांच्या शिक्षणावर बोलणार नाही का? योजनांवर?” मी नाही म्हटलं. शाळा, प्रमाणपत्र, अनुदान यांसाठी सरकारशी भांडता येतं, आणि ते मी नोकरीभर करत आले. सणाबद्दल भांडायचं तर ते घरातल्या माणसांशी, भावकीशी, गल्लीतल्या मंडळाशी. ते भांडण सहसा कुणी काढत नाही, म्हणून आज हा विषय.

मी विशेष शिक्षिका. ज्या लेकरांना शाळेपर्यंत येणं जमत नाही त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं, हे माझं काम होतं. बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्या मी पाहिल्या त्या या कामामुळे. इतर दिवशी ओसरीवर, बाजेवर, आजीच्या मांडीवर दिसणारं लेकरू सणाच्या दिवशी दिसायचं नाही. विचारलं की उत्तर यायचं, “आत निजवलंय बाई. पाहुणे यायलेत ना.”

या घरांत लेकरावरची माया कमी होती, असं मला कधीच वाटलं नाही. झटके येणाऱ्या पोरासाठी बापानं म्हैस विकलेली मी पाहिली आहे. मग वर्षभर जिवापाड सांभाळलेलं हे लेकरू नेमकं सणालाच आतल्या खोलीत का जातं? पुष्कळ वर्षं मी याचं कारण लोकलाजेत शोधत होते. लोकलाज असतेच. पण त्याहून मोठं कारण चुलीपाशी आहे.

आपल्याकडच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, घ्या. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हा सण दिवाळीहून मोठा. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली माणसं एरवी येवोत न येवोत, महालक्ष्म्यांना गावी येतात. कोथळ्यांना साड्या नेसवायच्या, मुखवटे चढवायचे, वर फुलोरा टांगायचा, पुढ्यात धान्याच्या राशी मांडायच्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या आणि सवाष्णींची पंगत. बऱ्याच घरांत ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोन महालक्ष्म्यांच्या पुढ्यात त्यांची बाळंही मांडतात, एक मुलगा आणि एक मुलगी. देवी येते ती लेकरं घेऊन येते, आणि त्या लेकरांना आपण अंगडं-टोपडं घालून सगळ्यांच्या पुढं बसवतो. हे ज्या घरात घडतं, त्याच घरातलं हाडामांसाचं लेकरू त्या वेळी आतल्या खोलीत असतं. महालक्ष्म्यांच्या सणात मला यासारखं सलणारं दुसरं काही नाही.

आता हा सगळा सण कोण करतं ते पाहा. लेकराच्या घशातून निघालेला कोणता आवाज तहानेचा आणि कोणता लघवीचा, हे जिला कळतं तीच बाई. तिची चूल पहाटेच पेटते. सोवळ्यातला स्वयंपाक असेल तर नैवेद्य होईपर्यंत तिला लेकराला शिवताही येत नाही. बोलता न येणाऱ्या मुलाची खूण ओळखणारं घरात एकच माणूस असतं, आणि ऐन सणात तेच त्याच्यापासून तुटतं. वर घरात अनोळखी माणसं, भांड्यांचा आणि स्पीकरचा आवाज. रोजची बाज उचलून परसात टाकलेली, रोजची जेवायची जागा गेलेली. लेकरू ओरडतं, डोकं आपटतं, हाताला चावतं. मग कुणीतरी म्हणतं, “याला गर्दी सोसत नाही, आत न्या याला.” त्याला सोसत नव्हतं ते आई नसणं. गर्दीचं नाव पुढं करून आपण ते झाकतो.

म्हणून घरातल्या पुरुषांना माझं पहिलं सांगणं आहे. सणाच्या दिवशी लेकराची आई लेकराजवळ राहील अशी सोय करा. तुम्हाला पुरण वाटता येत नसेल, पण भाज्या निवडता येतात, पाणी भरता येतं, वाढता येतं. तेही जमत नसेल तर लेकराला सांभाळणं शिकून घ्या. मात्र ते सणाच्या सकाळी शिकता येत नाही. श्रावणापासून रोज तासभर लेकरू बापाकडे राहिलं तर भाद्रपदात ते बापाजवळ दोन तास शांत बसेल. नाहीतर सोळाच्या आठ भाज्या होऊ द्या. देवी आठ भाज्यांवर रुसून गेली, असं मी तरी कुठल्या घरात ऐकलेलं नाही.

इथं हटकून एक प्रश्न येतो. कुळाचार मोडायचा का? कुळाचार या शब्दाचा धाक मोठा आहे, म्हणून थोडं सविस्तर बोलते. कुठे महालक्ष्म्या उभ्या असतात, कुठे बसलेल्या. कुठे मातीच्या सुगडी, कुठे तांब्यावर मुखवटा, कुठे नदीकाठचे खडे आणून तेच पूजतात. कोकणात तेरड्याची रोपं आणतात, आणि तिकडे कितीतरी घरांत गौरींना तिखटाचा नैवेद्य असतो. देवी एकच, रीती इतक्या. माझी समजूत अशी, की कुठल्या तरी पिढीची ऐपत, अडचण, तिच्या भागात मिळणारं सामान यांतूनच या रीती झाल्या असणार. घरात सोयर-सुतक आलं की आपण सण थांबवतो किंवा दुसऱ्याच्या हातून करून घेतो, आणि तेव्हा कुणी कुळाचार मोडला म्हणत नाही. घरातल्या माणसांची अवस्था पाहून सण बेतायचा, ही सोय आपल्या रीतीतच आहे. जी सवलत सुतकाला, ती घरातल्या जित्याजागत्या लेकराला द्यायला कुठलं शास्त्र आडवं येतं?

हे जमवलेलं एक घर मी पाहिलं आहे. धारूर तालुक्यातल्या डोंगराकडची एक वस्ती. मुलगी सेरेब्रल पाल्सीची. जन्मल्यावर लवकर रडली नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला, आणि हातापायांचे स्नायू कायमचे आखडले. दोन्ही हातांच्या मुठी घट्ट, अंगठे आत दुमडलेले. मूठ उघडावी म्हणून आम्ही कितीतरी प्रयत्न केले होते. महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या दिवशी फाटकापासून देवीच्या जागेपर्यंत पावलं उमटवायची असतात. ती पावलं पायानं नाही उमटवत, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. बंद मुठीची कड पिठाच्या पाण्यात बुडवून जमिनीवर टेकवली की पाऊल उठतं, आणि वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले की बोटं होतात. त्या मुलीच्या आजीच्या हे बरोबर ध्यानात आलं. म्हातारी उंबऱ्याशी फतकल मारून बसली, नातीला पुढ्यात घेतलं, परात ओढली. मूठ बुडवायची, टेकवायची, बोटं आजीनं काढायची. काही पावलं झाल्यावर पोर दमली, पुढची चुलतभावंडांनी काढली. संध्याकाळी महालक्ष्म्या आत आणल्या त्या तिच्या मुठीच्या पावलांवरून. पुढच्या वर्षी आवाहनाच्या दिवशी, कुणी न सांगता, ती पोर परातीकडे बघून हसली.

त्या आजीला कुणी कार्यशाळेला बोलावलं नव्हतं. आम्ही शिक्षक जी मूठ उघडायला बसलो होतो, त्या बंद मुठीला तिनं काम शोधलं. आणि काम खरं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कोपऱ्यात बसवून हातात खुळखुळा देणं वेगळं आणि हे वेगळं.

अशी कामं प्रत्येक सणात सापडतात, शोधली तर. ऑटिझम असलेल्या काही मुलांना वस्तू ओळीत लावण्यात फार गोडी असते. एरवी घरचे त्यावर चिडतात, पण गणपतीच्या एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या त्याच्याकडे द्या, फुलोऱ्याच्या करंज्या टांगायच्या आधी ओळीनं मांडायला द्या, पणत्या सारख्या मांडायला द्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं काम ज्या मुलाला शब्द येत नाहीत त्यालाही येतं. त्याचा हात आपल्या हातात धरून चोळावा. शांत, ओळखीचा बैल असावा, एवढीच काळजी.

मघाशी कुळाचाराबद्दल बोलले, त्याला जोडून एक गोष्ट. संतचरित्रांत कूर्मदासांची कथा सांगतात. आपल्या जिल्ह्याला लागून, गोदाकाठच्या पैठणचे. जन्मापासून हातपाय नाहीत. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि पोटावर सरपटत वारीला निघाले. वाटेतल्या लोकांनी घास भरवला. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत पोहोचले आणि अंगातलं बळ सरलं. एकादशी तोंडावर आलेली. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर त्यांनी निरोप धाडला, आणि विठ्ठल पंढरी सोडून लऊळला भेटीला आला. आजही लऊळला त्यांचं स्थान आहे. ही कथा सांगताना आपण कूर्मदासांच्या निर्धारावर टाळ्या घेतो. मला तीत दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं उरलेली वाट चालण्याची जबाबदारी देवावर येते. ज्याला चालता येत नाही त्यानं एकादशीपर्यंत पोहोचायलाच हवं, असा हट्ट त्या कथेतला देव धरत नाही. परंपरेच्या नावानं बोलणाऱ्यांनी ही कथाही परंपरेतलीच आहे हे लक्षात ठेवावं.

आता काही साध्या, पण जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी. त्या व्याख्यानात शोभत नाहीत असं कुणाला वाटेल, तरी मी सांगणार आहे, कारण दवाखान्यात धावावं लागतं ते यांतल्याच चुकांमुळे.

झटक्यांचं औषध सणाच्या दिवशी चुकतं. पाहुणे, नैवेद्य, आरती यांत सकाळची गोळी दुपारी जाते, रात्रीची राहून जाते. चुकलेलं औषध आणि अपुरी झोप ही झटका येण्याची नेहमीची कारणं आहेत. म्हणून दिवाळीच्या पहाटे अभ्यंगासाठी अशा मुलाला अंधारात झोपेतून ओढून काढू नका. त्याची झोप पुरी झाल्यावर, कोमट पाण्यानं, त्याच्या सवयीच्या माणसानं आंघोळ घातली तरी ती नरकचतुर्दशीचीच आंघोळ आहे. उटणं टोचत असेल तर नुसतं तेल. नवा शर्ट आधी एकदा-दोनदा धुऊन मऊ करा, मानेमागची पट्टी कापून टाका. ज्याला स्पर्श तीव्र लागतो त्याला ती पट्टी दिवसभर बोचते, आणि आपण म्हणतो पोरगं नव्या कपड्यालाही रडतंय.

खाण्याचंही तसंच. सेरेब्रल पाल्सीच्या पुष्कळ मुलांना गिळायला त्रास होतो. चिवडा, शेव, शेंगदाणे, कडक शंकरपाळी त्यांच्या श्वासनलिकेत जाऊ शकतात. पुरणपोळी दुधात कुस्करून, मुलाला ताठ बसवून, लहान घासानं भरवा. आल्या-गेल्या पाहुण्यानं कौतुकानं तोंडात लाडू कोंबू नये, हे त्याला स्पष्ट सांगा. राग आला तर येऊ द्या.

आणि या आयांचे उपवास. नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरून दहा-बारा वर्षांच्या पोराला दिवसातून कितीदा तरी उचलणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. आपल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरीची तर दोन नवरात्रं, आश्विनातलं आणि मार्गशीर्षातलं. बायांनो, तुमची पाठ गेली तर त्या लेकराला उचलणारं दुसरं कुणी नाही. उपवास सुटला म्हणून जगदंबा रागावणार नाही, हे मी माझ्या वयाच्या नात्यानं हात जोडून सांगते.

आवाजाबद्दल मंडळांच्या तरुणांशी बोलायचं आहे. कायद्यानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणारे फटाके बनवायला आणि विकायला बंदी आहे. हे नियम २००० सालच्या आसपासपासून आहेत. गणपती असो, दुर्गादेवी असो, कुणा महापुरुषाची जयंती असो, डीजेच्या भिंतीपुढे या आकड्यांचं काय होतं ते तुम्ही आम्ही सगळे जाणतो. ज्या मुलाचा मेंदू आवाज गाळून घेऊ शकत नाही त्याला तो मारासारखा लागतो. ते लेकरू कान दाबून बाजेखाली शिरतं. मिरवणूक बंद करा असं मी म्हणत नाही. आरतीची एक वेळ अशी ठेवा की स्पीकर बंद, नुसत्या टाळ्या आणि टाळ. आधी गल्लीत सांगा, की या वेळी आपली विशेष मुलं येणार आहेत. खुर्चीवाल्या मुलासाठी मंडपाला एक फळी टाका. याला वर्गणी लागत नाही.

जत्रेत वेगळी काळजी. कपिलधारच्या यात्रेत, परळीच्या महाशिवरात्रीला, योगेश्वरीच्या पौर्णिमेला हात सुटून हरवलेलं मूल जर बोलत नसेल तर त्याला आपलं नाव सांगता येत नाही. सदऱ्याच्या आत मोबाइल नंबर शिवून ठेवा, निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा फोटो काढा. आणि शक्यतो गर्दीचा दिवस टाळा. परळीच्या वैजनाथाला पायऱ्या पुष्कळ, श्रावणी सोमवारी रांग संपत नाही. पण त्या देवळाचं एक मोठेपण आहे, की तिथं भक्ताला ज्योतिर्लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. ज्या लेकराला दिसत नाही, ज्याला मंत्र कळत नाही, त्याच्या तळहाताला थंड, ओला दगड कळतो. एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी न्या त्याला. वैजनाथ मंगळवारीही तिथंच असतो.

आता लोकांच्या तोंडाबद्दल. सणाला चार बायका जमल्या की कुणीतरी आईला विचारतं, “गरोदरपणात ग्रहण पाळलं नव्हतंस का? महालक्ष्म्यांचं काही राहिलं होतं का?” ज्या बाईनं वर्षभर त्या लेकराचं हागणं-मुतणं काढलं, तिला सणाच्या दिवशी आरोपी करतात. डाउन सिंड्रोम एकविसाव्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत असल्यानं होतो. सेरेब्रल पाल्सी मेंदूला झालेल्या इजेनं होते. ती वेळेआधीच्या जन्मानं होऊ शकते, प्राणवायू कमी पडल्यानं, जास्त वाढलेल्या काविळीनं, मेंदूज्वरानं होऊ शकते. ग्रहणाचा आणि नैवेद्याचा यात काडीचा संबंध नाही. झटक्याला करणी समजून लेकराला मारझोड करणारा, चटके देणारा भोंदू २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हेगार आहे. आणि दिव्यांग माणसाला चारचौघांत मुद्दाम हिणवून अपमान करणं हाही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गुन्हा आहे, त्याला कमीत कमी सहा महिने कैद आहे. देवाला मागायचं ते मागा, नवस बोला, मी कुणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही. फक्त नवसापायी औषध थांबवू नका.

बीडमध्ये, माजलगावात, परळीत मुस्लिम घरांतही मी गेले. रमजानच्या दिवसांत एका आईनं मला विचारलं होतं, की आपला मोठा झालेला मुलगा रोजा धरत नाही, याचा गुन्हा कुणाच्या खात्यावर? ज्याला समजच नाही त्याच्यावर रोजा फर्ज नाही, हे तिच्या धर्माचंच सांगणं आहे. तिला ते मौलाना साहेबांनी समजावलं, आणि ईदच्या सकाळी पोरगा नवे कपडे घालून बापाबरोबर ईदगाहला गेला, कडेच्या ओळीत, लवकर निघता येईल अशा जागी. कुराणातला ८० वा अध्याय, सूरह अबस, एका अंध माणसाच्या प्रसंगावरून उतरला असं मानतात. इब्न उम्म मक्तूम पैगंबरांकडे काही विचारायला आले. पैगंबर त्या वेळी कुरैश टोळीच्या बड्या मंडळींशी बोलत होते. त्यांनी कपाळाला आठी घातली, आणि त्याबद्दल त्यांना अल्लाहकडून समज मिळाली. पुढे हेच अंध गृहस्थ मदिनेत अजान देत. कुठल्याही धर्माचा आधार शोधू गेलं तर तो या लेकरांच्या बाजूनंच सापडतो, असा माझा अनुभव आहे.

आता बीडचं म्हणून जे वेगळं आहे, ते. पुण्या-मुंबईत विशेष मुलांच्या सणांवर लेख येतात त्यांत हे नसतं. आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, कारखाने पेटले की दिवाळीही फडात, कोपीत होते. पार सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत. चालतं-बोलतं मूल बरोबर जातं, किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतं. ज्याला उचलून न्यावं लागतं, ज्याला झटके येतात, ते मात्र बहुतेक आजीजवळ राहतं. आजी नसेल तर तेही ट्रॅक्टरवर चढतं आणि दिवसभर फडाच्या कडेला पाचटावर पडून असतं.

मघाशी मी म्हटलं, की सणाच्या दिवशी लेकराची आई स्वयंपाकात अडकते. इथं तर ती पाच-सहा महिने नसते. लक्ष्मीपूजनाला, भाऊबीजेला, संक्रांतीला, बहुतेकदा महाशिवरात्रीलाही. गावात मागे उरलेली म्हातारी आणि हे लेकरू. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसतं, गोळ्यांच्या पट्ट्यांचे रंग पाहून ती औषध देते. आसपासच्या घरांत फराळाचे वास येतात, हिच्या घरी दिवा लागतो तेवढाच. मी अशा एका घरी दिवाळीत गेले होते. पोरगा दारात बसून रस्त्याकडे बघत होता. आजी म्हणाली, “टेम्पोचा आवाज झाला की उठतंय. मायला वाटंला लावलं त्या दिसापासून असंच.” त्याला दिवाळी म्हणजे काय हे कळत नसेल. टेम्पो म्हणजे काय ते त्याला पुरतं कळलं होतं.

म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना मी सांगत आले, की तुमच्या लेकराचा मोठा सण दिवाळी धरू नका, दसरा धरा. पोळा, महालक्ष्म्या, दसरा हे सण आई-बाप गावात असताना येतात. दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याचं पान घेऊन घरोघर जायचं असतं. पान द्यायचं, पाया पडायचं. यात बोलावं लागत नाही. ज्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही अशा मुलासाठी आपल्या सबंध वर्षात यापेक्षा सोयीचा सण मला दिसत नाही. त्याच्या हातात पानं द्या, खांद्यावर घ्या, गाड्यावर बसवा, आणि भावकीतल्या, शेजारच्या प्रत्येक दारात न्या. पुढचे पाच-सहा महिने आई-बाप नसताना ज्या दारांवर त्याची भिस्त आहे, ती दारं त्या संध्याकाळी त्याला ओळखू लागतात. निघण्याआधी हंगामभराची औषधं डॉक्टरांना विचारून घेऊन ठेवा, कागदावर लिहून शेजारी द्या. आणि मेलेल्या माणसाचा लावतात तसा नव्हे, हसतानाचा आई-बापाचा फोटो लेकराच्या नजरेच्या उंचीवर भिंतीला लावा. फोनवर व्हिडिओ लागला तर रोज ठरावीक वेळी लावा. वेळ पाळली तर अशी मुलं वाट पाहायला शिकतात.

भावंडांबद्दल एकच. भाऊबीजेला बहिणीनं या भावालाही ओवाळावं, आणि त्या बहिणीला तिच्या वाटणीची दिवाळी वेगळी द्यावी. या घरांतल्या शहाण्या मुली फार लवकर आया होतात. तिला एक संध्याकाळ मैत्रिणींत हुंदडू द्या, तेवढा वेळ बापानं घरी थांबावं.

आता मागणं. आपल्या देशानं संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार २००७ साली मान्य केला, आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम २९ नुसार सांस्कृतिक जीवनात बरोबरीनं सहभागी होणं हा या मुलांचा हक्क आहे. महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही झाला आहे. कागदावर एवढं आहे. जिल्हा परिषदेकडे मी मागते, की हंगामी वसतिगृहांत या लेकरांसाठी जागा आणि त्यांना सांभाळणारी प्रशिक्षित बाई असावी. कारखान्यांकडे मागते, की तोडणीच्या तळावर दिव्यांग मुलांसाठी सावली, पाणी आणि सांभाळणारं माणूस द्यावं. देवस्थानांकडे मागते, की पायऱ्यांना पर्यायी उतार आणि गर्दी नसलेली एक वेळ जाहीर करावी.

आणि तुमच्याकडे, जे इथं बसला आहात आणि दिवाळीला गावातच असणार आहात, त्यांच्याकडे. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात असं एखादं घर तुम्हाला ठाऊक आहे. तिथं म्हातारी आहे आणि एक लेकरू आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फराळाचं ताट पाठवू नका, स्वतः घेऊन जा. चिवडा वगळा, मऊ काहीतरी न्या. फटाके घरी ठेवा. तासभर बसा, म्हातारीला विचारा गोळी दिली का. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.